पूर्णांकांचा हिशेब : महावीराचार्यांच्या फळांच्या राशींपासून कुमरच्या आदर्श संख्यांपर्यंत

पेढीवर बसणाऱ्या माणसास दोन प्रकारचे हिशेब नित्य करावे लागतात. तेल, तूप, धान्य, सोने हा माल मापून अथवा तोलून द्यावयाचा असतो. त्यात अर्धा, पाव, अष्टमांश असे भाग हवे तसे पाडता येतात. परंतु नारळ, घागरी, लुगडी हा माल नगाने द्यावयाचा. साडेतीन घागरी कोणी मागत नाही व कोणी देतही नाही. पहिल्या प्रकारच्या हिशेबात उत्तर अपूर्णांकात आले तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात ते पूर्णांकातच आले पाहिजे, एरव्ही ते उत्तरच नव्हे. ही अट दिसावयास लहान आहे. परंतु एवढ्या एका अटीतून गणिताची एक विशाल शाखा निर्माण झाली, आणि तिच्यातील काही कोडी सोडविण्यास मनुष्यजातीस शतकानुशतके खर्ची घालावी लागली.

ज्या समीकरणांची उत्तरे पूर्णांकातच हवी असतात त्यांस गणितज्ञ डायोफँटसची समीकरणे म्हणतात. डायोफँटस हा अलेक्झांड्रिया नगरीतील ग्रीक गणिती. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनाचे तिसरे शतक मानला जातो. गंमत अशी की, तो स्वतः अपूर्णांकी उत्तरे खुशाल स्वीकारीत असे. पूर्णांकांचा आग्रह धरून पहिल्या घाताच्या समीकरणांसाठी सर्वसाधारण रीत देण्याचे काम भारतात झाले, आर्यभटाच्या इ. स. ४९९ च्या ग्रंथात ती आढळते. या रीतीस पुढे ‘कुट्टक’ हे नाव रूढ झाले. कुट्टक म्हणजे कुटणारा; मोठ्या संख्या कुटून कुटून लहान करावयाच्या, असा या नावाचा आशय आहे.

या विषयाचा आपल्या समाजाशी जुना संबंध आहे, म्हणून स्मरणिकेच्या वाचकांस तो सांगावा असे आम्हांस वाटले. परंतु केवळ पूर्वजांचे गुणगान करणे हा आमचा हेतू नाही. एका बाजारात सदैव खरा ठरलेला नियम दुसऱ्या बाजारात न तपासता लावला तर अगदी डोळ्यांसमोरची रक्कम हिशेबातून कशी निसटते, हे या गणिताने फार स्पष्टपणे दाखविले आहे. ते व्यापारी बंधूंस विशेष पटेल.

फळांच्या राशी

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. त्याच्या कारकीर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रंथाच्या आरंभी जिनेंद्र महावीरास वंदन असून सम्राट अमोघवर्षाची प्रशंसा आहे. १९१२ साली मद्रास येथून रंगाचार्यांनी तो इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केला. आणि सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली जीवराज जैन ग्रंथमालेत तो हिंदी अनुवादासह काढला. व्याज, भागीदारीतील वाटणी, सोन्याचा कस असे व्यापाऱ्याच्या उपयोगाचे विषय त्यातील ‘मिश्रक व्यवहार’ या प्रकरणात आहेत, आणि त्याच प्रकरणात कुट्टकाची रीतही आहे.

त्यातील एक उदाहरण पाहू. वनात केळ्यांच्या ६३ सारख्या राशी आहेत आणि ७ केळी सुटी आहेत. २३ वाटसरू येतात, ती सर्व केळी समान वाटून घेतात आणि बाकी काही उरत नाही. तर एका राशीत केळी किती? एका राशीतील केळी क्ष व प्रत्येकाच्या वाट्याची य मानली तर समीकरण असे होते :

६३ क्ष + ७ = २३ य

अज्ञात दोन, समीकरण एक. अपूर्णांक चालत असते तर क्षची कोणतीही किंमत घेऊन यची किंमत काढता आली असती, आणि प्रश्नात काहीच राम उरला नसता. पूर्णांकांच्या अटीमुळेच प्रश्नाला धार येते. आता कुट्टकाची क्रिया पाहा. ६३ मध्ये २३ दोनदा जातात व १७ उरतात. म्हणून ६३ ऐवजी १७ घेऊन भागते. ‘१७ क्ष + ७’ ही संख्या २३ ने विभाज्य हवी, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. पुढे २३ ला १७ ने भागले तर ६ उरतात, १७ ला ६ ने भागले तर ५ उरतात, ६ ला ५ ने भागले तर १ उरतो. दर पायरीस संख्या लहान होतात आणि शेवटी उत्तर सहज दिसेल इतका प्रश्न सोपा होतो. मग ज्या पायऱ्या उतरलो त्याच पायऱ्यांनी वर चढावयाचे. हे भागाकार एकाखाली एक लिहीत गेले की वेलीसारखी उभी मांडणी होते; म्हणून आचार्यांनी या रीतीस ‘वल्लिका-कुट्टीकार’ म्हटले आहे. उत्तर येते : एका राशीत ५ केळी, प्रत्येकाच्या वाट्यास १४. ताळा पाहावा : ६३ गुणिले ५ म्हणजे ३१५, अधिक ७ म्हणजे ३२२, आणि २३ गुणिले १४ म्हणजेही ३२२.

हे सर्वांत लहान उत्तर झाले. राशीत २३ केळी वाढविली की दर वाट्यास ६३ वाढतात. म्हणून २८ व ७७, ५१ व १४० अशी उत्तरे अनंत आहेत. क्वचित उत्तर मुळीच नसते. ६ रुपयांचे व १५ रुपयांचे नग घेऊन बरोबर १०० रुपयांची खरेदी करावयाची म्हटली तर ती कधीच जमणार नाही. कारण ६ व १५ या दोहोंस ३ ने भाग जातो आणि १०० ला जात नाही. अशा रीतीने पहिल्या घाताच्या समीकरणांपुरता प्रश्न पूर्ण सुटला : उत्तर आहे की नाही, असल्यास कोणते, आणि एकूण किती, हे तिन्ही प्रश्न कुट्टकाने निकालात निघतात.

वर्ग आले आणि अडचण वाढली

समीकरणात वर्ग आले म्हणजे केवळ कुट्टकाने काम भागत नाही. एखाद्या वर्गाची २ पट करून १ मिळविला असता पुन्हा वर्गच यावा, असा प्रश्न घ्या. २ चा वर्ग ४, त्याची दुप्पट ८, अधिक १ म्हणजे ९. हा ३ चा वर्ग. म्हणून २ व ३ ही जोडी मिळाली. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये अशी विलक्षण गोष्ट दाखविली की, दोन जोड्या हाती असल्या तर त्यांच्या विशिष्ट संयोगाने तिसरी जोडी तयार होते. या संयोगास ‘भावना’ म्हणतात. वरील जोडीचा तिच्याशीच संयोग केला तर १२ व १७ ही जोडी मिळते : १४४ ची दुप्पट २८८, अधिक १ म्हणजे २८९, आणि तो १७ चा वर्ग. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ‘३ + २√२’ या संख्येचा तिच्याशीच केलेला हा गुणाकार आहे. त्याचे उत्तर ‘१७ + १२√२’ असे येते. पूर्णांकांचा प्रश्न सोडविण्यासाठी पूर्णांकांहून थोड्या व्यापक संख्यांची मदत घ्यावयाची, या कल्पनेचे बीज येथे आहे.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘बीजगणितात’ चक्रवाल रीतीने याच जातीचा एक अवघड प्रश्न सोडविला : कोणत्या वर्गाची ६१ पट करून १ मिळविला असता वर्ग येतो? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० चा वर्ग हे आहे, आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा आहे. प्रश्न एका ओळीचा आणि उत्तर अब्जाच्या घरातले! पाचशे वर्षांनंतर, १६५७ मध्ये, फ्रान्समधील फर्मा याने युरोपच्या गणितज्ञांपुढे हेच कोडे आव्हान म्हणून टाकले. त्यास भास्कराचार्यांच्या कार्याची वार्ताही नव्हती. पुढे ऑयलरच्या समजुतीच्या घोटाळ्यामुळे या समीकरणास पेल या इंग्रज गणितज्ञाचे नाव चिकटले व ते आजतागायत चालू आहे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. तो १२०७ च्या सुमाराचा आहे. विद्या टिकविण्यासाठी आश्रयाची व्यवस्था करावी लागते, हे तेव्हाही लोक जाणत होते.

पंचवीस, सव्वीस, सत्तावीस

आता घनाकडे वळू. २५ हा ५ चा वर्ग आणि २७ हा ३ चा घन. या दोहोंच्या मध्ये २६ ही एकच संख्या आहे. वर्गाच्या लगेच पुढे एक संख्या आणि तिच्या पुढे घन, असा योग आणखी कोठे येतो काय? फर्माने सांगितले की, दुसरा योग नाही. हजार, लाख, कोटी संख्या तपासून एवढेच म्हणता येईल की ‘अद्याप आढळला नाही’. ‘कधीच आढळणार नाही’ असे म्हणण्यास सिद्धता हवी. १७७० च्या आपल्या बीजगणितात ऑयलरने जो मार्ग दाखविला तो असा.

समीकरण आहे : यचा वर्ग + २ = क्षचा घन. डावी बाजू साध्या संख्यांत फोडता येत नाही. म्हणून ऑयलरने एक नवी संख्या हिशेबात घेतली. तिला आपण ‘त’ म्हणू. तिचा नियम एकच : त गुणिले त म्हणजे उणे २.

येथे वाचक आम्हांस अडवतील. महावीराचार्यांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट सांगून ठेवले आहे की, ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. मग हे त आले कोठून? आचार्यांचे म्हणणे ज्या संख्यांविषयी होते त्यांच्यापुरते आजही पूर्ण सत्य आहे. धन घ्या वा ऋण घ्या, तिचा वर्ग ऋण येत नाही. ऑयलरने त्या संख्यांत ऋणाचे मूळ शोधले नाही. त्याने वहीत एक तसलमात खाते उघडले. तसलमात खात्यावरची रक्कम अखेरीस कोठे ना कोठे वळती होऊन खाते निरंक झाले पाहिजे; तसे झाले तर मधल्या नोंदीने हिशेब बिघडत नाही. त हे अक्षरही तसेच मध्ये येते आणि शेवटी निघून जाते.

आता डावी बाजू (य + त) आणि (य − त) या दोन अवयवांचा गुणाकार होते. य सम असू शकत नाही. कारण तसे असते तर डाव्या बाजूस ४ ने भागून २ उरले असते, आणि सम संख्येच्या घनास तर ८ ने भाग जातो. य विषम असल्याने या दोन अवयवांत समाईक भाग काही नाही, असे दाखविता येते. नेहमीच्या संख्यांत असा नियम आहे की, समाईक भाग नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार घन असेल तर त्या प्रत्येकी घन असतात. जसे ८ व २७ यांचा गुणाकार २१६ हा ६ चा घन आहे, आणि ८ व २७ हेही घनच आहेत. हाच नियम येथे लावून ऑयलरने म्हटले की, य + त हा ‘अ + ब त’ अशा एखाद्या संख्येचा घन असला पाहिजे. अ व ब पूर्णांक.

तो घन विस्तारून मांडला तर तचा गुणक येतो : ब × (३ अवर्ग − २ बवर्ग). य + त मध्ये तचा गुणक १ आहे. म्हणून हा गुणाकार १ झाला पाहिजे. दोन पूर्णांकांचा गुणाकार १ होण्याचे मार्ग दोनच : दोन्ही १ किंवा दोन्ही उणे १. ब उणे १ घेतल्यास ३ अवर्ग = १ होते, ते अशक्य. ब १ घेतल्यास ३ अवर्ग = ३, म्हणजे अ हा १ किंवा उणे १. त्यावरून य = ५ व क्ष = ३. दुसरे उत्तर नाही. त हिशेबातून निघून गेले, खाते निरंक झाले, आणि अनंत संख्यांविषयीचा निर्णय दहा-बारा ओळींत लागला.

हरवलेले उत्तर

इतकी उत्तम रीत हाती आल्यावर ती सर्वत्र चालवावी असे वाटणे साहजिक आहे. आपण २ ऐवजी २६ घेऊन पाहू : यचा वर्ग + २६ = क्षचा घन. आता तचा नियम : त गुणिले त म्हणजे उणे २६. पूर्वीचीच प्रत्येक पायरी पुन्हा चढली तर ब × (३ अवर्ग − २६ बवर्ग) = १ येते. ब = १ घेतल्यास ३ अवर्ग = २७, म्हणून अ = ३; त्यावरून क्ष = ३५ व य = २०७. ताळा पाहावा : २०७ चा वर्ग ४२,८४९, अधिक २६ म्हणजे ४२,८७५, आणि ३५ चा घनही ४२,८७५. ब उणे १ घेतल्यास काही निघत नाही. म्हणजे रीतीचा निकाल असा की, २०७ व ३५ हे एकमेव उत्तर.

आणि तरीही १ अधिक २६ म्हणजे २७, आणि २७ हा ३ चा घन! य = १ व क्ष = ३ हे उत्तर शाळकरी मुलासही तोंडी सुचेल. ज्या रीतीने ४२,८७५ सारखी दूरची संख्या हुडकून काढली तिला दारातली २७ दिसली नाही. प्रत्येक पायरी पूर्वीसारखीच, बेरीज-गुणाकारात कोठे चूक नाही. तरी तेरीज जुळत नाही. मग खोट कोठे आहे?

खोट एका गृहीतात आहे. नेहमीच्या संख्यांत प्रत्येक संख्येचे मूळ अवयव ठरलेले असतात. ६० म्हणजे २ × २ × ३ × ५. क्रम बदला, परंतु अवयव तेच. ‘समाईक भाग नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार घन असेल तर त्या प्रत्येकी घन’ हा नियम या एकमेवपणावर उभा आहे. उणे २ च्या बाबतीत हा एकमेवपणा टिकतो. उणे २६ च्या बाबतीत तो टिकत नाही. पाहा : २७ = ३ × ३ × ३, आणि २७ = (१ + त) × (१ − त) हेही खरे. यांतील कोणताही अवयव आणखी फुटत नाही. कारण ‘अ + ब त’ या संख्येचे मान म्हणून अवर्ग + २६ बवर्ग ही संख्या घेतली, तर गुणाकारात मानांचाही गुणाकार होतो. ३ चे मान ९ आणि १ + त चे मान २७. ती फुटावयाची तर ३ मानाचा अवयव लागेल. परंतु अवर्ग + २६ बवर्ग ही बेरीज ३ कधीच होत नाही. म्हणजे एकच मुद्दल एका वहीत तीन भागीदारांत विभागले आहे आणि दुसऱ्या वहीत दोघांत. आणि दोन्ही वह्यांत समाईक असा भागीदार एकही नाही. जेथे मूळ वाटणीच एक नाही, तेथे तिच्यावर उभारलेला नियम कसा टिकावा?

कुमरची दुरुस्ती

हा दोष केवळ कागदी नव्हता. फर्माने १६३७ च्या सुमारास डायोफँटसच्या ग्रंथाच्या समासात टीप लिहून ठेविली होती की, घन, चतुर्घात अथवा त्यावरील कोणताही घात तशाच दोन घातांच्या बेरजेत विभागता येत नाही. हे सिद्ध करण्यासाठी युरोपातील मोठमोठे गणितज्ञ झटत होते. १ मार्च १८४७ रोजी पॅरिसच्या अकादमीत लामे याने ते सिद्ध केल्याची घोषणा केली. त्याने वरीलप्रमाणेच नव्या संख्या घेऊन समीकरण अवयवांत फोडले होते. त्याच सभेत लिऊविल याने शंका काढली की, या नव्या संख्यांचे अवयव एकमेव असतात हे कशावरून? त्याच वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीतून कुमर याचे पत्र आले : अवयव एकमेव असतातच असे नाही, हे आपण १८४४ मध्येच प्रसिद्ध केले आहे. फर्माच्या समीकरणात घातांक २३ झाला की तो एकमेवपणा मोडतो. लामेची सिद्धता कोसळली.

परंतु कुमर दोष दाखवून थांबला नाही. त्याने उपायही दिला. आपल्या २७ च्या उदाहरणावर तो असा सांगता येईल. ३ हा अखेरचा अवयव नाही; त्याच्या पाठीशी प व फ असे दोन गुप्त अवयव आहेत, आणि ३ = प × फ. त्याचप्रमाणे १ + त = प × प × प, आणि १ − त = फ × फ × फ. म्हणजे दोन्ही वह्यांत वाटणी एकच आहे : तीन प आणि तीन फ. एका वहीने त्यांच्या प-फ अशा तीन जोड्या लावल्या, दुसरीने सर्व प एकत्र व सर्व फ एकत्र ठेवले, एवढाच भेद. प हा एकटा ‘अ + ब त’ या रूपात कधीच दिसत नाही. तो अशा भागीदारासारखा आहे की ज्याचे स्वतंत्र खाते वहीत नाही, परंतु ठरावीक सोबत्यांसह तो आला की त्या सर्वांचे मिळून एक खाते दिसते. कुमरने अशा अवयवांस ‘आदर्श संख्या’ म्हटले.

न दिसणाऱ्या अवयवावर विश्वास कसा ठेवावा, ही शंका रास्त आहे. १८७१ मध्ये डेडेकिंड याने ती दूर केली. त्याने म्हटले, प स्वतः दिसत नसला तरी पने विभाज्य असलेल्या संख्या तर दिसतात. तेव्हा त्या सर्वांच्या समूहासच प समजावे. आपल्या उदाहरणात तो समूह म्हणजे ज्या ‘अ + ब त’ संख्यांत अ व ब यांच्या वजाबाकीस ३ ने भाग जातो त्या सर्व संख्या. आणि फसाठी वजाबाकीऐवजी बेरजेस ३ ने भाग जावयास हवा. यात गूढ काही उरले नाही. या समूहांत अवयवांचा एकमेवपणा पुन्हा पूर्णपणे प्रस्थापित होतो.

मग हरवलेले उत्तर का हरवले, हेही उलगडते. १ + त हा गुप्त अवयव प याचा घन आहे खरा, परंतु कोणत्याही दृश्य संख्येचा घन नाही. आणि ऑयलरची रीत फक्त दृश्य संख्यांचे घन तपासीत होती. असा घोटाळा कोठे संभवतो हे आधी ओळखण्याचीही सोय आहे. या समूहांचे काही गट पडतात आणि त्या गटांची संख्या नेहमी मर्यादित असते. उणे २ च्या बाबतीत गट एकच, म्हणजे गुप्त असे काही नाहीच. उणे २६ च्या बाबतीत गट ६. घनाच्या प्रश्नात गटसंख्येस ३ ने भाग जात नसेल तर जुनी रीत निर्धास्त वापरावी. जात असेल तर सावध राहावे, कारण उत्तरे निसटण्याचा संभव आहे. ६ ला ३ ने भाग जातो. म्हणून आपण फसलो. याच कसोटीने कुमरने फर्माचे विधान कितीतरी घातांकांसाठी एकदम सिद्ध केले. शंभराच्या आतील विषम मूळ संख्यांत ३७, ५९ व ६७ एवढ्याच त्याच्या कसोटीबाहेर राहिल्या.

संपूर्ण विधान सिद्ध होण्यास पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली. जून १९९३ मध्ये अँड्र्यू वाइल्स याने केंब्रिज येथे सिद्धता जाहीर केली. तपासणीत तिच्यात एक खिंडार आढळले. सप्टेंबर १९९४ मध्ये रिचर्ड टेलरच्या साहाय्याने ते बुजविले गेले, आणि १९९५ मध्ये सिद्धता छापली गेली. जगभर नाव झाल्यावरही हिशेब तपासनिसापुढे ठेवावा लागला, आणि तपासनिसाने भीड धरली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सर्व पूर्णांकी समीकरणांस पुरेल अशी एकच रीत मात्र कधीच मिळणार नाही. १९०० साली हिल्बर्टने अशी रीत मागितली होती. ती असूच शकत नाही, हे १९७० मध्ये मातियासेविच याने आधीच्या गणितज्ञांच्या कार्यावर शेवटचा चिरा बसवून सिद्ध केले. म्हणून प्रत्येक जातीच्या समीकरणासाठी स्वतंत्र बुद्धी खर्च करावी लागते, व पुढेही लागेल.

आपल्या खाती काय जमा?

याचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. संगणकावरून होणाऱ्या देण्याघेण्याच्या गुप्ततेसाठी १९७७ पासून प्रसिद्ध असलेल्या एका रीतीत गुप्त किल्ली तयार करताना कुट्टकाचीच क्रिया प्रचंड संख्यांवर करावी लागते. तसेच एका बाजूस वर्ग व दुसऱ्या बाजूस घन असलेल्या समीकरणांचा, मोठ्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या गणितात, अंकीय सहीसाठी उपयोग होतो. ज्या गणितास कोणी निरुपयोगी म्हटले असते ते आज व्यापाराच्या तिजोरीचे कुलूप झाले आहे.

परंतु आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. पूर्वजांविषयी बोलताना आपण पुष्कळदा सैल हाताने जमा लिहितो. कोणी म्हणेल, एकच संख्या दोन वह्यांत दोन रूपांनी दिसते, हा अनेकान्तच झाला. तेव्हा आदर्श संख्याही आमच्या आचार्यांस ठाऊक होत्या. असे म्हणणे योग्य नव्हे. महावीराचार्यांनी कुट्टकाची रीत सुबोध उदाहरणांनी समजावून दिली, व्यापाऱ्यांच्या हिशेबास शास्त्राचे रूप दिले, आणि ऋण संख्येस वर्गमूळ नाही हे निःसंदिग्धपणे सांगितले. ही रक्कम त्यांच्या खाती पूर्ण जमा आहे. कुट्टकाचा आरंभ आर्यभटाच्या खाती, भावना ब्रह्मगुप्ताच्या, चक्रवालाने सोडविलेले ६१ चे उदाहरण भास्कराचार्यांच्या, आणि आदर्श संख्या कुमरच्या. ज्याची रक्कम त्याच्या खाती लिहिली म्हणजे कोणाचेच महत्त्व उणावत नाही. उलट, खोटी जमा धरलेला ताळेबंद पहिल्या तपासणीतच उघडा पडतो आणि त्याबरोबर खऱ्या जमेवरचाही लोकांचा विश्वास उडतो.

आपल्या सभासदांच्या घरोघरी मुले गणित शिकत आहेत. त्यांच्यापुढे एखाद्या सायंकाळी ६३ राशींचे उदाहरण ठेवावे. ते सुटल्यावर २६ चे ठेवावे, आणि ३५ व २०७ हे उत्तर दाखवून ‘आणखी एक आहे, ते शोधा’ असे सांगावे. ज्यास १ व ३ हे उत्तर सुचेल त्यास शाबासकी द्यावी. परंतु ‘मग रीतीने ते का चुकविले?’ असे जो विचारील त्यास पुढील शिक्षणासाठी लागेल ते साहाय्य करावे. एका सम्राटाच्या आश्रयाच्या काळात ‘गणितसारसंग्रह’ निर्माण झाला आणि एका संस्थेच्या आस्थेने तो सोलापुरात पुन्हा छापला गेला. विद्येचा हा व्यवहार पुढे चालू ठेवणे आता आपल्या पिढीकडे आले आहे.